चौथ्या मजल्यावरचं वाचन

“सबब, ही नोटीस मिळाल्यापासून एक महिन्याच्या आत आपण संपूर्ण थकबाकी भरावी,” इथे मी थांबले. अशा ठिकाणी थांबायचं असतं. आमच्या शाळेतल्या बाई सांगतात, ऐकणाऱ्यांना जरा श्वास घेऊ द्यावा. मग मान थोडी वर करून, एकेक शब्द सुटा करत मी पुढचं म्हटलं, “अन्यथा सदर खोली रिकामी करून तिचा शांततापूर्ण ताबा मालकांस द्यावा.”

समोर मशीनवाल्या काकू उभ्या होत्या. कडेवर शेजारणीचं वर्षाचं बाळ. बाळ माझ्या तोंडाकडे आ वासून बघत होतं आणि मला वाटलं, चला, एक तरी श्रोता मिळाला. चौथ्या मजल्याचा तो व्हरांडा लांबलचक होता, आठ खोल्यांचा. आवाज असा घुमत होता की शाळेच्या हॉलमध्येसुद्धा घुमला नसता. मधेच कुणीतरी वाहता नळ बंद केला. मला तेव्हा वाटलं, भांडी घासून झाली असतील.

“झालं वाचून?” काकूंनी विचारलं.

मी हो म्हटलं. सही कुठे करायची ते दाखवलं. त्यांनी बाळ दुसऱ्या कडेवर घेतलं, कागद दाराच्या पल्ल्यावर टेकवला आणि सावकाश सही केली. पेन परत देताना म्हणाल्या, “आवाज चांगला आहे गं तुझा.”

मी थँक्यू म्हटलं.

ते थँक्यू मला परत गिळता आलं असतं तर मी आयुष्यभर मुकी राहायला तयार होते. (हे माझ्यासारखीने म्हणणं म्हणजे काय, ते आमच्या आईला विचारा. ती मला घरातलं रेडिओ स्टेशन म्हणते.)

तेवढ्यात जिन्याच्या तोंडाशी बाबा आले. भिंतीला हात लावून, पाय चाचपत. तिसऱ्या मजल्याच्या अर्ध्यावर असल्यापासून त्यांना सगळं ऐकू आलं होतं, पण पायऱ्या नीट दिसत नसल्यामुळे धावत येता आलं नव्हतं. हे मला नंतर कळलं. तेव्हा मी फक्त त्यांचा चेहरा बघितला आणि सही केलेला कागद पाठीमागे धरला.

“वहिनी,” बाबा म्हणाले.

“बसा म्हटलं असतं,” काकू म्हणाल्या, “पण बाळ झोपायला आलंय.” आणि त्यांनी दार लावलं. आपटलं नाही. कडीसुद्धा आवाज न करता घातली.

माझे बाबा एका घरमालकाच्या ऑफिसात बावीस वर्षं कामाला होते. मालकांच्या सात इमारती. कुणाचा नळ गळतोय, कुणाच्या छताला ओल आलीय, याच्या तक्रारी लिहून आणणं, भाड्याच्या पावत्या पोचवणं हे त्यांचं रोजचं काम. आणि ज्याचं भाडं तीन-चार महिने आलं नसेल त्याच्या हातात नोटीस देणं, तिच्या प्रतीवर सही घेणं, हेही त्यांचंच. पोस्टाने पाठवली की लोक घेत नाहीत, कुलूप लावून बसतात. बाबांनी दिली की घेत. त्यांच्या खिशात कायम दोन पेनं असायची, एक स्वतःचं आणि एक लोकांना सहीसाठी द्यायचं, कारण घाबरलेला माणूस पेन फार दाबतो. इमारतींमधली पोरं त्यांना ‘महिनावाले’ म्हणायची. बाबा हसायचे. म्हणायचे, बाकीच्यांना महिन्याचा पगार मिळतो, मी महिने वाटत फिरतो.

दीड वर्षापासून त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू होता. आधी कडेचं दिसेनासं झालं, मग मधलंही धुरकटलं. डॉक्टरांनी सांगितलं, गेलं ते परत येणार नाही, उरलंय ते थेंब घालून सांभाळा. आई वेळेवर थेंब घालायची आणि घालता घालता बोलायची, की स्वतःच्या डोळ्यांकडे बघायला या माणसाला सवड नव्हती, लोकांना मुदती देत फिरत होता. ऑफिसात मात्र यातलं कुणालाच ठाऊक नव्हतं. पायऱ्या त्यांच्या मोजलेल्या होत्या. दारं पाठ होती. नोटिशीचा मजकूर तर इतका पाठ होता, की कागद समोर धरून ते घडाघडा म्हणायचे आणि माणसाला वाटायचं, वाचतायत. पण यंदा मालकांनी वकील बदलला, वकिलांनी मजकूर बदलला, आणि एका घरी बाबांनी दुसऱ्याच माणसाची थकबाकी म्हणून दाखवली. त्या बाईने रडायलाच सुरुवात केली म्हणे. नंतर चूक कळल्यावर ती हसायला लागली, बाबांना हसू आलं नाही.

त्या शुक्रवारी त्यांनी मला विचारलं, “उद्या सकाळी तुला काही काम आहे का?”

बाबा कुणाला कधी काम सांगत नाहीत, स्वतःचं जेवणाचं ताटही स्वतः उचलून ठेवतात. मला आकाश ठेंगणं झालं. मागच्याच महिन्यात मी वक्तृत्व स्पर्धेत पहिली आले होते, तीसुद्धा सगळ्या शाळांमधून. त्याआधीची दोन वर्षं मी वर्गात हजेरी देतानाही पुटपुटायचे. मग बाईंनी एकदा मला स्टेजवर अक्षरशः ढकललं आणि माझ्या तोंडून जो आवाज निघाला, तो ऐकून पहिली दचकले ती मीच. तेव्हापासून मी सगळं मोठ्याने वाचत होते. दुकानांच्या पाट्या, औषधाच्या बाटलीवरच्या सूचना, धाकट्या भावाच्या वहीतले शेरे. नोटीस तर मी आरशासमोर चार वेळा वाचली. ‘सबब’ हा शब्द मला फार आवडला.

शनिवारी दोन नोटिसा होत्या. पहिल्या घरचा माणूस स्वतःच शिकलेला, त्याने कागद हातातून ओढून घेतला, सही केली आणि आत गेला. माझं वाचन राहूनच गेलं. त्यामुळे दुसऱ्या इमारतीत मी जिने दोन-दोन पायऱ्यांनी चढत होते. बाबा मागे राहिले. म्हणाले, “तू हो पुढे, मी येतो सावकाश.”

त्यांना म्हणायचं होतं, वर जाऊन थांब. ते सांगावं लागेल असं त्यांना वाटलंच नव्हतं.

उतरताना बाबा दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पायरीवर बसले आणि मलाही शेजारी बसवलं. ते रागावतील म्हणून मी माझी बाजू मनात तयार करून ठेवली होती. पण त्यांनी फक्त त्यांची पद्धत सांगितली, एखाद्याला रस्ता सांगावा तशी. दारात गेलं की आधी पाणी मागायचं. पाणी मागितलं की माणूस आत बोलावतो. आत गेलं की बसायचं आणि दार ढकलून घ्यायला सांगायचं, वारा येतोय म्हणून. मग हळू आवाजात वाचायचं, दोनदा. पहिल्यांदा माणसाला काही ऐकूच येत नाही. आणि घरात कोण आहे ते बघून जायचं. मशीनवाले शनिवारी अकराला घरी असतात आणि वहिनी बाजारात, म्हणून बाबांनी ही वेळ धरली होती. त्या दिवशी शेजारणीच्या बाळासाठी वहिनी थांबल्या आणि बाजारात ते गेले.

“काकूंना माहीत नव्हतं?” मी विचारलं.

“कुणालाच नव्हतं.”

मशीनवाले काका कपड्यांच्या एका कारखान्यात शिलाईयंत्रं दुरुस्त करायचे. कारखाना सात महिन्यांपूर्वी बंद पडला. तरी शनिवार-रविवार सोडले तर ते रोज सकाळी अवजारांची पिशवी घेऊन त्याच वेळेला घरून निघत होते, शिंप्यांच्या दुकानांतून काम विचारत फिरत होते. कधी दोन यंत्रं मिळत, कधी एकही नाही. बाबांना हे कसं ठाऊक, तर ते एकदा दुपारी बागेच्या बाकावर दिसले होते, पिशवी मांडीवर घेऊन. बाबांनी न पाहिल्यासारखं केलं होतं. तेव्हा बाबांना तेवढं दिसत होतं.

“आता काय होईल? महिना आहे ना अजून?” मी म्हटलं. मला खरंच वाटत होतं की महिना म्हणजे महिना, कागदावर लिहिलेला, त्याला कोण हात लावणार.

बाबा कठड्यावर अंगठा फिरवत होते. “कुणाला कळलेलं नसलं तर माणूस महिनाभर धडपडतो,” ते म्हणाले. “इकडून तिकडून काहीतरी उभं करतो. बहुतेक जण करतात. पण चारचौघांत कळलं ना, की तो आवरायला लागतो.”

रविवारी आम्ही दोघं परत गेलो. माफी मागायला. मी मनात भाषण तयार केलं होतं, सुरुवात, मधला भाग, शेवट, सगळं. दार काकांनी उघडलं. बारीक चणीचे, बोटांच्या पेरांत तेलाचे काळे डाग मुरलेले. बाबांनी पाणी मागितलं. काकांनी आत घेतलं, दारही ढकललं. एवढीशी खोली, पण इतकी नीटनेटकी, की मला आमच्या घराची लाज वाटली. भिंतीवर एक लाकडी फळी होती, तिला ओळीने सात खिळे आणि प्रत्येकावर खोलीचा आकडा लिहिलेला. व्हरांड्यातले सगळे जण कामावर जाताना आपापली किल्ली काकूंकडे देऊन जात. पोरं शाळेतून आली की इथूनच किल्ली घेत.

सातही खिळे रिकामे होते.

काकूंनी सकाळीच ज्याची त्याला किल्ली परत केली होती. कुणी मागितली नव्हती. उलट दोघी-तिघींनी नको नको म्हटलं. पण आपलीच खोली आपली राहील का ठाऊक नाही, तर दुसऱ्यांच्या किल्ल्या कशाला सांभाळायच्या, असं त्या म्हणाल्याचं काकांनी सांगितलं. बाळही त्या दिवशी आलं नव्हतं. शेजारणीने निरोप पाठवला होता, की तुम्हाला आत्ता त्रास नको. तिच्या मनात वाईट काही नव्हतं, हेही काकांनी सांगितलं. सगळे फार चांगले वागत होते. एकाने तर पैसे देऊ का विचारलं, आणि ते विचारलं व्हरांड्यात उभं राहून.

बाबा म्हणाले, चूक माझी आहे. मी पोरीला सांगायला हवं होतं.

“तुमची नाही,” काका म्हणाले. “मी घरात सांगायला हवं होतं. पण घरात सांगितलं की ते खरं होतं हो. तोवर नुसतं बाहेरचं असतं.”

काकू कोपऱ्यात कपड्यांच्या घड्या घालत होत्या. घड्या आधीच घातलेल्या होत्या, त्या मोडून पुन्हा घालत होत्या. मी त्यांच्याजवळ गेले. “काकू, मी,” म्हटलं आणि पुढे काहीच आलं नाही. सगळ्या शाळांमधून पहिली आलेली मी. त्यांनी एक टॉवेल झटकला आणि विचारलं, “शाळा कशी चाललीय?”

मी म्हटलं, बरी.

सोमवारी आणि मंगळवारी बाबा नेहमीसारखे कामावर गेले. बुधवारी सकाळी त्यांनी इस्त्रीचा शर्ट काढायला लावला आणि मला म्हणाले, चल, शाळेच्या आधी परत येऊ. आईला त्यांनी रात्रीच सांगितलं असणार, कारण तिने नेहमीसारखं टोमण्याने सुरू केलं नाही. नुसती शर्टाची कॉलर सरळ केली आणि दारात उभी राहिली.

मालकांचे मॅनेजर बाबांपेक्षा बरेच लहान. ते बाबांना काका म्हणतात. बाबांनी खुर्चीवर न बसताच सांगितलं, की शनिवारची चौथ्या मजल्याची नोटीस मी दिलेली नाही, मी तिथे नव्हतोच. माझ्या शाळकरी मुलीने दिली. दाराबाहेर वाचली. तिची ती नेमणूक नाही. तेव्हा ती नोटीस धरू नये, रद्द करावी आणि नव्याने काढावी.

मॅनेजरांनी विचारलं, मुलीने का दिली?

“मला दिसत नाही,” बाबा म्हणाले.

मी भिंतीला टेकून उभी होते. इतकं मोठं वाक्य मी स्पर्धेतसुद्धा ऐकलं नव्हतं.

मॅनेजर हसले. वाईट नाही, समजुतीने हसले. म्हणाले, काका, त्या मशीनवाल्याला वाचवायला तुम्ही हे रचताय. तुमचा स्वभाव काय आम्हाला माहीत नाही? मग त्यांनी टेबलावरचा एक कागद उचलला आणि बाबांच्या हातात दिला. “हे वाचा बरं.”

बाबांनी तो डोळ्यांजवळ नेला, लांब नेला. मग अंगठ्याने चोळून बघितला. म्हणाले, “जाड आहे. सरकारी असावा.”

ती लग्नाची पत्रिका होती. सोनेरी अक्षरांत वधूवरांची नावं एवढी ठसठशीत छापलेली, की मला भिंतीपासून वाचता येत होती. मॅनेजरांच्याच भाचीचं लग्न. त्यांनी ती हळूच परत घेतली आणि उलटी करून ठेवली, जणू बाबांना तिची लाज वाटू नये म्हणून.

“कधीपासून?”

“दीड वर्ष झालं.”

“आणि नोटिसा कशा वाचत होता?”

“पाठ होत्या,” बाबा म्हणाले.

पुढे बरंच बोलणं झालं. मॅनेजर म्हणाले, हे वकिलांच्या कानावर गेलं तर दीड वर्षातली प्रत्येक नोटीस कुणी उकरून काढेल. बाबा म्हणाले, त्या मी स्वतः नेल्या, आत बसून सांगितल्या, त्यांची जबाबदारी माझी. ही तशी दिली गेली नाही, एवढंच. मॅनेजरांनी दोन वेळा फोन उचलला आणि दोन्ही वेळा खाली ठेवला. शेवटी त्यांनी एक पत्र लिहून शिक्का मारला. शनिवारची नोटीस रद्द, नवी नोटीस पुढच्या महिन्यात निघेल. म्हणजे काकांना एकाच्या जागी जवळजवळ दोन महिने मिळत होते. आणि बाबांना महिनाअखेरपर्यंत. त्यानंतर दुसरा माणूस येईल, असं मॅनेजर म्हणाले, आणि ते म्हणताना बाबांकडे न बघता माझ्याकडे बघत होते. बावीस वर्षांचं जे काही निघेल ते काढून देईन, म्हणाले. दारापर्यंत सोडायला आले.

बाहेर आल्यावर बाबांनी पत्र माझ्या हातात दिलं. “वाच.”

मी वाचलं. फक्त त्यांना ऐकू जाईल इतकं. त्यांनी पुन्हा एकदा वाचायला सांगितलं.

मग आम्ही घराकडे न वळता त्या इमारतीकडे निघालो. बाबा चांगलेच झपाझप चालत होते, माझ्या खांद्यावर हात ठेवून. वाटेत म्हणाले, आमच्याच मालकांच्या तिसऱ्या इमारतीत तळमजल्याला शाळेचे गणवेश शिवणारी बाई आहे, तिच्याकडे वीस यंत्रं आहेत, त्यातली निम्मी सतत रुसलेली. तिच्याशी कालच बोललोय. आधी एक आठवडा बघते म्हणाली. मी म्हटलं, बाबा, हे तुम्ही मला सांगितलं नाहीत? ते म्हणाले, जमल्यावर सांगायचं असतं. मला इतका आनंद झाला की शाळेला उशीर होतोय हे मी विसरले. आणि खरं सांगते, त्या क्षणी मी हेही विसरले की माझ्या बाबांची नोकरी गेलीय.

चारही मजले ते माझ्या मागे मागे चढले. मी पुढे पळाले नाही.

चौथ्या मजल्यावर बाळाची आई दारात उभी होती. आम्हाला बघून ती आत गेली आणि एक किल्ली घेऊन बाहेर आली. म्हणाली, मशीनवाले आत्ताच गेले, अर्धा तास झाला असेल. टेम्पोत सामान फारसं नव्हतंच. वहिनींच्या भावाकडे जाणार असं काहीतरी म्हणत होते, गाव काही सांगितलं नाही. किल्ली तुम्हाला द्यायला सांगितलीय.

“काही म्हणाले?” बाबांनी विचारलं.

ती जरा घुटमळली. म्हणाली, थकबाकी पोचवू, असं सांगा म्हणाले.

बाबांनी किल्ली घेतली. कुलूप चाचपून उघडलं आणि दार ढकललं. खिडकी उघडी होती. आत काही म्हणजे काही नव्हतं, भिंतीवरची फळीसुद्धा काढून नेली होती आणि तिच्या खिळ्यांची भोकं चुन्याने बुजवली होती. जमीन धुतलेली होती, कोपऱ्यांपर्यंत, उंबऱ्यासकट. फरशीवर अजून पाणी चमकत होतं.

बाबांनी आत टाकायला पाय उचलला होता. गारवा लागला असेल, तो त्यांनी तसाच मागे घेतला.

“ओली आहे का?”

“हो,” मी म्हटलं. “आत्ताच पुसलीय.”

“मग थांबू जरा. पाय उमटतील.”

आम्ही दोघं दाराबाहेर उभे राहिलो, फरशी वाळेपर्यंत.